नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज, माझा भारतीय : जर्मनीत राहायचा हक्क कसा मिळतो?

अबोली_कुडाळ :
नमस्कार मंडळी. माझं माहेर कुडाळ, सासर गोव्यात डिचोली. सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा, त्यामुळे त्यांची जन्मनोंद लिस्बनला करून त्यावर नवऱ्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, भारतीय पासपोर्ट सरेंडर केला आणि आता तो जर्मनीत ब्रेमेनला एका गोदामात कामाला लागलाय. कॉन्ट्रॅक्ट आहे, दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतलीय. मी अजून इकडेच.
एजंट म्हणतो तुला जर्मन भाषेची ए-वन परीक्षा द्यावी लागेल, नवऱ्याचा पगार अमुक एवढा दाखवावा लागेल, आणि त्याची फी वेगळीच. दुसरीकडे नात्यातले एकजण सांगतात की काही लागत नाही, पोर्तुगीज माणसाची बायको म्हणजे सरळ विमानात बसायचं. दोघंही छातीठोकपणे सांगतात आणि मला कोणाचं ऐकावं तेच कळत नाहीये. परीक्षा लागते का, कागद कुठले लागतात, तिकडे गेल्यावर मला नोकरी करता येईल का, ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

एल्बेकाठ :
अबोलीताई, परीक्षा लागत नाही. पण "काही लागत नाही" हेही खरं नाही. मी हॅम्बुर्गला बरीच वर्षं आहे, इथे गोव्याकडची पोर्तुगीज पासपोर्टवाली बरीच कुटुंबं ओळखीची आहेत आणि त्यांच्या कागदांसाठी सोबत जात असतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.
तुमचा हक्क येतो तो युरोपियन युनियनच्या २००४ सालच्या एका कायद्यातून, त्याला इथे सगळे डायरेक्टिव्ह ३८ म्हणतात. युनियनच्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहत असेल तर त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला त्याच्यासोबत राहायचा हक्क आहे, तिचा पासपोर्ट जगातल्या कुठल्याही देशाचा असो. तुमचा नवरा पोर्तुगीज आहे आणि राहतो जर्मनीत, म्हणजे तुम्ही बरोब्बर यात बसता. एजंट सांगतोय ते नियम जर्मन नागरिकाच्या बायकोचे किंवा तिथे वर्क परमिटवर असलेल्या भारतीयाच्या बायकोचे असतील, तुमचे नाहीत. नवरा नोकरी करतोय म्हटल्यावर पगाराचा किमान आकडासुद्धा नाही. काम खरोखरचं असलं की पुरे, अर्धवेळ असलं तरी चालतं, हे युरोपियन कोर्टाने १९८२ सालीच सांगून ठेवलंय. बँकेतले पैसे आणि विमा दाखवायची अट आहे ती नोकरी न करता राहणाऱ्यांना.
व्हिसा मात्र घ्यावा लागतो, कारण भारतीय पासपोर्टला आत शिरायलाच व्हिसा लागतो. पण तो व्हिसा फुकट असतो आणि लवकरात लवकर द्यायचा असतो, हे दोन्ही त्या कायद्यातच लिहिलंय. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या फॉर्मवर काही रकान्यांपुढे चांदणी छापलेली असते, ते रकाने युनियनच्या नागरिकाच्या घरच्यांनी भरायचेच नसतात. खर्च कोण करणार, नोकरी कुठली वगैरे. मुळात सिद्ध करायचं ते एवढंच की नवरा युनियनचा नागरिक आहे, तुम्ही त्याची बायको आहात, आणि तो तिथे राहतो त्याच्याकडे तुम्ही चाललाय. त्यासाठी त्याच्या पासपोर्टची कॉपी, लग्नाचा दाखला, त्याच्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद आणि त्याच्या सहीचं एक पत्र. नोकरीचं कॉन्ट्रॅक्टही जोडा, ते असलं की पुढचे प्रश्न बंद होतात.

रानजाई :
थांबा जरा, हे मला समजावून सांगा. माझा नवरा जर्मन आहे, जन्माने जर्मन, स्टुटगार्टचा. मला पुण्याला मॅक्समुल्लर भवनात जाऊन ए-वन द्यावी लागली, तोपर्यंत व्हिसा नाही म्हणजे नाही, आणि लग्न झाल्यावर तेवढे महिने आम्ही दोघं दोन टोकांना. आणि तुम्ही म्हणताय पोर्तुगीज माणसाच्या बायकोला जर्मनीतच परीक्षा नाही? म्हणजे स्वतःच्याच देशात माझ्या नवऱ्याला कमी हक्क? अबोलीताई, तुमच्यावर राग नाही हं अजिबात, तुमचं लवकर होऊ दे. पण हे ऐकून खरंच वाईट वाटलं.

एल्बेकाठ :
रानजाई, तुम्हाला वाईट वाटणं अगदी बरोबर आहे आणि युरोपात गेली कित्येक वर्षं लोक हेच विचारताहेत. हा हक्क सीमा ओलांडण्याशी बांधलेला आहे. युनियनचा कायदा लागू होतो तो नागरिक आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात गेला की. आपल्याच देशात बसलेला माणूस त्या देशाच्या घरगुती कायद्याखाली येतो, आणि घरगुती कायदा बऱ्याच देशांनी कडक करून ठेवलाय.
म्हणून तर डेन्मार्कने २००२ मध्ये २४ वर्षांची अट आणली, म्हणजे नवरा-बायको दोघंही २४ च्या वर असल्याशिवाय परदेशी जोडीदार आणता येत नाही, तेव्हा कितीतरी डॅनिश माणसं पूल ओलांडून स्वीडनमध्ये माल्मोला राहायला गेली. काम कोपनहेगनला आणि संसार माल्मोला. स्वीडनमध्ये ती डॅनिश म्हणजे युनियनची "दुसऱ्या देशातली" नागरिक ठरली, झाला हक्क लागू. नेदरलँड्सवाले याच कारणासाठी बेल्जियमला जाऊन राहतात, तिकडे त्याला बेल्जियम रूट असं नावच पडलंय.
आणि याची सुरुवात एका भारतीय माणसापासून आहे. सुरिंदर सिंग. १९८२ मध्ये त्यांचं ब्रिटिश बाईशी लग्न झालं, मग दोघांनी जर्मनीत काम केलं, १९८५ च्या शेवटाला धंदा सुरू करायला इंग्लंडला परतले. पुढे ब्रिटिश सरकार म्हणायला लागलं की आता तुम्ही आमच्या घरगुती कायद्याखाली. १९९२ मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की नागरिक दुसऱ्या सदस्य देशात काम करून परत आला तर परततानाही बायकोचा किंवा नवऱ्याचा हक्क निदान तेवढाच राहिला पाहिजे, नाहीतर बाहेर जायला माणूस कचरेल. २०१४ मध्ये कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की ते राहणं खरंखुरं हवं, तीन महिन्यांहून जास्त, संसार थाटून. शनिवार-रविवारच्या फेऱ्या धरत नाहीत. म्हणजे तुम्ही दोघं उद्या वर्षभर ऑस्ट्रियाला नोकरी करून परत स्टुटगार्टला आलात तर तुमचाही हक्क युनियनच्या कायद्याचाच.

मांडवीपार :
मी पणजीला. लिस्बनला नोंदी पाठवायचं काम जवळून बघतो त्यामुळे कागदांचं मी सांगतो, कारण खरं घोडं तिथेच अडतं.
अबोलीबाय, तुमचं लग्न पोर्तुगालमध्ये नोंदवलंय का? नवऱ्याने नागरिकत्व लग्नाआधी घेतलं की नंतर? बऱ्याच लोकांची जन्मनोंद लिस्बनला झालेली असते पण लग्नाची राहून जाते, म्हणजे पोर्तुगालच्या कागदावर नवरा अजून अविवाहित. तुमचा महाराष्ट्रातला किंवा गोव्यातला लग्नाचा दाखला खरा आहे आणि कायद्याने तो चालायला पाहिजे, पण जर्मनीत भारतीय दाखल्याची पडताळणी हे वेगळंच प्रकरण होऊन बसतं. त्यापेक्षा लग्न लिस्बनच्या रजिस्टरमध्ये चढवून घ्या आणि तिथला लग्नाचा दाखला काढा. युनियनचा २०१६ चा एक नियम आहे, फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालाय, त्याप्रमाणे एका सदस्य देशाच्या जन्म-लग्नाच्या दाखल्याला दुसऱ्या सदस्य देशात अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागत नाही, आणि सोबत बहुभाषी फॉर्म जोडून मागितला तर बहुतेक वेळा भाषांतराचा खर्चही वाचतो. जर्मन क्लार्कच्या हातात पोर्तुगीज दाखला दिला की तो ओळखीचा कागद असतो, मग प्रश्न कमी येतात.
दुसरं, नावं. सासऱ्यांच्या जुन्या नोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं असणार. नाईकचं नायक, कामतचं कामोतीं, प्रभूचं पोरोब. नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टवर एक स्पेलिंग, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, तुमच्या पासपोर्टवर नवऱ्याच्या नावाच्या जागी तिसरं. हे आत्ताच तपासा, व्हिसाची तारीख मिळाल्यावर नाही. आणि गोव्यात लग्न लावलं असेल तर सब-रजिस्ट्रारकडे दोन्ही सह्या झाल्यात ना तेही बघा, पहिली सही करून लोक विसरतात आणि दुसऱ्या सहीशिवाय लग्न पूर्ण होत नाही.

अबोली_कुडाळ :
बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. लग्न कुडाळला झालं, दाखला महाराष्ट्राचा आहे, पोर्तुगालला नोंदवलेलं नाही. आणि स्पेलिंगमध्ये फरक आहेच. मांडवीपार दादा, खूप आभार, नवऱ्याला आजच सांगते.

स्विंडनचा_बाबू :
मी इंग्लंडला स्विंडनात, इथे आपली गोव्याची माणसं भरपूर. इकडचं ऐकून कोणी इकडे यायचा विचार करत असेल तर आधी हे वाचा. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे युनियनचा हक्क इथे संपला. ३१ डिसेंबर २०२० च्या आत जे पोर्तुगीज पासपोर्टवाले इथे राहायला आले त्यांना सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायमची किंवा काही वर्षं राहायची परवानगी, मिळालं, आणि त्यांची बायको किंवा नवरा नंतर येऊ शकतो पण नातं त्या तारखेच्या आधीचं पाहिजे. त्यानंतर लग्न केलं असेल तर ब्रिटिश घरगुती नियम, म्हणजे एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९ हजार पौंड उत्पन्न दाखवा, इंग्रजीची परीक्षा द्या, आणि व्हिसाची फी भरताना डोळे पांढरे होतात. आधी हा आकडा १८,६०० होता. पॅकिंगच्या कामावर २९ हजार होत नाहीत सगळ्यांचे. माझ्या ओळखीतला एक पोरगा २०२३ मध्ये लग्न करून आला, बायको मडगावात, आणि शेवटी त्याने इथली नोकरी सोडून आयर्लंडला जायचं ठरवलं, तिकडे त्याच पासपोर्टवर बायकोला हक्क आहे म्हणून. पासपोर्ट तोच, माणूस तोच, बायको तीच, मध्ये फक्त थोडासा समुद्र.

डब्लिनवासी :
बाबूदादा म्हणतात ते बरोबर, आयर्लंडला हे लागू आहे. पण हेही भांडून मिळवलेलं आहे हे नवीन लोकांना माहीत नसतं. २००८ च्या आधी आयर्लंडचा नियम होता की बाहेरच्या देशाच्या नवऱ्याने किंवा बायकोने आधी दुसऱ्या एखाद्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेलं असलं पाहिजे, तरच इकडे राहू देणार. मेटॉक नावाच्या केसमध्ये युरोपियन कोर्टाने जुलै २००८ मध्ये तो नियम मोडीत काढला. लग्न कधी झालं, कुठे झालं, तुम्ही देशात कसे आलात, याचा संबंध नाही असं स्पष्ट सांगितलं. आज भारतातून थेट नवऱ्याकडे जाता येतं ते या निकालामुळे.
तिकडे गेल्यावर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावाने राहायच्या हक्काचं कार्ड काढायचं असतं, त्याची वाट बघणं मात्र जिवावर येतं. कायदा सांगतो की अर्ज केल्या केल्या पोचपावती द्यायची आणि सहा महिन्यांच्या आत कार्ड. २०१८ मध्ये कोर्टाने हेही सांगितलं की त्या सहा महिन्यांत निर्णय घेऊन तो कळवलाही पाहिजे. आमच्या वेळी सहा महिने उलटून गेले तरी काही उत्तर नव्हतं. तेव्हा मी सॉल्व्हिटकडे लिहिलं. ही युनियनची फुकट सेवा आहे, २००२ पासून चालू आहे, प्रत्येक देशात त्यांचं एक केंद्र असतं आणि तुमच्या देशातलं केंद्र त्या दुसऱ्या देशाच्या केंद्राशी बोलतं. दहा आठवड्यांत सोडवायचं असं त्यांचं धोरण. तुमच्या बाबतीत नवरा पोर्तुगीज म्हणून पोर्तुगालच्या केंद्राकडे लिहायचं, ऑनलाइन फॉर्म आहे. लोक वकिलाला पैसे देतात आणि हे वापरतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

एल्बेकाठ :
अगदी. आणि एक गोष्ट सगळ्यांनी मनात पक्की ठेवा, कार्ड हा हक्काचा पुरावा आहे, हक्क कार्डातून येत नाही. तुम्ही बायको आहात आणि नवरा तिथे काम करतोय यातूनच तुमचा हक्क तयार होतो. म्हणजे अबोलीताई, कामाचं विचारलंत ना, तुम्हाला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, वेगळं वर्क परमिट नाही. मालक लोक कार्ड बघितल्याशिवाय घाबरतात हे खरं, म्हणून अर्जाची पोचपावती मागून घ्याच, ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.
ब्रेमेनला पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, ते नवऱ्याला आत्ताच मागून ठेवायला सांगा कारण सबलेटवर, म्हणजे पोटभाड्याने राहणाऱ्यांना मालक ते देत नाहीत आणि मग सगळंच अडकतं. मग परदेशी नागरिकांच्या ऑफिसात कार्डाचा अर्ज. फी जर्मन माणसाला ओळखपत्रासाठी पडते त्याहून जास्त घेता येत नाही. आणि नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात तुमचं नाव घालून घ्या, तुमची कमाई नसेपर्यंत त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.
आमच्या ओळखीच्या एका बाईला काउंटरवर ए-वनचं सर्टिफिकेट मागितलं होतं. तिने शांतपणे नवऱ्याचा पोर्तुगीज पासपोर्ट पुढे केला आणि अर्ज कुठल्या कायद्याखाली आहे ते सांगितलं, समोरच्या बाईने आत जाऊन विचारलं आणि विषय संपला. मुद्दाम त्रास देतात असं नाही, रोज दुसऱ्याच प्रकारचे अर्ज बघायची सवय असते त्यांना. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा की मी युनियनच्या नागरिकाची पत्नी म्हणून अर्ज करतेय.

अबोली_कुडाळ :
सगळं लिहून घेतलं. आता एक विचारू का, कसं विचारावं कळत नाही. समजा पुढे आमचं पटलं नाही, किंवा देव न करो त्याला काही झालं, तर मी तिकडे काय म्हणून राहणार? दोन दिवसात निघ म्हणतील का? आई सारखी हेच विचारतेय.

सीमारेषा :
अबोली, आईला सांग की हा प्रश्न विचारणं अजिबात चुकीचं नाही. मी हेच काम करते, अडचणीतल्या बायकांना कायद्याचं समजावून सांगायचं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना हे आधी माहीत असतं तर पुढचं खूप सोपं झालं असतं. म्हणून सगळ्यांनी वाचा, पुरुषांनीही, कारण नियम दोघांना सारखाच आहे.
नवरा वारला आणि त्याच्या आधी तू तिथे त्याची बायको म्हणून निदान एक वर्ष राहिलेली असशील तर तुझा हक्क जात नाही. घटस्फोट झाला तर लग्न कोर्टात केस जाण्याआधी निदान तीन वर्षं टिकलेलं हवं आणि त्यातलं निदान एक वर्ष त्या देशात गेलेलं हवं, मग तुझा हक्क तुझ्याच नावावर राहतो. मुलाचा ताबा तुझ्याकडे असेल किंवा घरात मारहाण होत असेल तर तीन वर्षांची अटही नाही. मात्र त्यानंतर तू स्वतः नोकरी करतेस किंवा स्वतःचं भागवू शकतेस हे दाखवावं लागतं. वेगळं राहायला लागलात, घटस्फोट नाही, तर नवरा त्याच देशात आहे तोवर तुझा हक्क तसाच आहे. दुसऱ्या घरात राहिलीस म्हणून कोणी काढू शकत नाही.
आता नीट वाच. नवरा देश सोडून निघून गेला आणि त्यानंतर घटस्फोटाचा अर्ज पडला तर हे संरक्षण मिळत नाही. कुलदीप सिंग म्हणून आयर्लंडमधल्या भारतीय माणसाच्या बाबतीत असंच झालं, बायको आधी निघून गेली, घटस्फोट नंतर, आणि २०१५ मध्ये युरोपियन कोर्टाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. मला हा निकाल पटत नाही, सोडून जाणाऱ्याच्या हातात मागे राहिलेल्याचं सगळं आयुष्य दिल्यासारखं आहे ते. मारहाणीच्या बाबतीत कोर्टाने २०२१ मध्ये हे जरा सैल केलं, नवरा गेल्यावर वाजवी वेळेत केस केली तरी हक्क राहू शकतो. पण सैल केलंय यावर विसंबून राहू नकोस. नवरा पोर्तुगालला किंवा गोव्याला कायमचा निघालाय असं दिसलं तर आधी वकिलाकडे जा, तो विमानात बसायच्या आधी.
आणि म्हणूनच स्वतःचे कागद स्वतःजवळ ठेव. लग्नाचा दाखला, त्याच्या पासपोर्टची कॉपी, त्याच्या पगाराच्या स्लिपा, घराचा करार, तुझ्या मेलवर एक एक स्कॅन. पाच वर्षं सलग राहिलीस की कायमचा हक्क मिळतो, त्यानंतर तो नवऱ्यावर अवलंबून राहत नाही. त्या पाच वर्षांत वर्षाला सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलेलं चालतं, आणि बाळंतपणासारख्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत. म्हणजे कुडाळला बाळंतपणाला आलीस तर पाच वर्षं मोडत नाहीत, डॉक्टरचे कागद मात्र जपून ठेव.

रानजाई :
सीमारेषाताई, हे प्रत्येक मुलीच्या हातात लग्नाआधी द्यायला हवं. मी सेव्ह करून ठेवलं.

निवती_दीपगृह :
एक शंका. माझ्या भावाचा पासपोर्ट पोर्तुगीज, पण तो पोर्तुगालमध्येच राहणार आहे, लिस्बनजवळ. मग तो "आपल्याच देशात" झाला ना, वहिनीला हक्क नाही का?

मांडवीपार :
आहे, कारण पोर्तुगालने आपल्या २००६ च्या कायद्यात लिहून टाकलंय की पोर्तुगीज नागरिकांच्या घरच्यांनाही हेच नियम लागू. जर्मनीसारखा फरक त्यांनी ठेवला नाही. ऑफिसात वेळ मिळायला मात्र फार थांबावं लागतं, परदेशी नागरिकांचे अर्ज बघणारं जुनं सरकारी खातं २०२३ च्या ऑक्टोबरात बंद करून नवीन संस्था काढली, तिच्यावर साचलेल्या अर्जांचा मोठा बोजा आहे. आणि भावाला सांगा, कागदावर लग्न लावून देतो म्हणणारे दलाल फिरताहेत, त्यांच्यापासून चार हात लांब. खोटं लग्न सिद्ध झालं तर मिळालेला हक्क काढून घ्यायची सोय त्याच युनियनच्या कायद्यात आहे, आणि त्यांच्यामुळे खऱ्या जोडप्यांचीही जास्त चौकशी होते.

अबोली_कुडाळ :
नवऱ्याशी बोलले. लग्नाची नोंद लिस्बनला पाठवायची तयारी सुरू केलीय, एजंटला नको म्हणून कळवलं. शेवटचं एकच, त्याची ही पहिलीच नोकरी आहे, गोदामातलं काम कमी झालं आणि काढून टाकलं तर माझं कार्डही रद्द होतं का?

एल्बेकाठ :
लगेच नाही. त्याने स्वतःहून सोडलेली नसली आणि रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं, तर वर्षाच्या आत नोकरी गेली तरी निदान सहा महिने तो कामगारच धरला जातो, आणि एक वर्षाहून जास्त काम झालेलं असेल तर पुढेही. त्याचा दर्जा टिकला की तुमचाही टिकतो. शिवाय तोवर तुम्हाला नोकरी लागली असेल तर तुमच्या पगारावर दोघांचं भागतंय हेही दाखवता येतं, पैसे नवऱ्याच्याच खिशातले हवेत असं नाही, हे कोर्टाने त्याच कुलदीप सिंगच्या निकालात सांगितलंय. काढून टाकल्याचं पत्र मात्र लेखी घ्यायला सांगा आणि नाव नोंदवायला आठवडाही थांबू नका. ब्रेमेनला आलात की कळवा, पहिल्या ऑफिसला मी येतो सोबत, हॅम्बुर्गहून तासाभराची गाडी आहे.